लढाईत होता, पण कागदावर नव्हता: अमेरिकी माजी सैनिकाच्या नोंदीत राहून गेलेलं पदक कसं चढतं?

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलं की काय हाल होतात, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जमीन जागेवरच असते, तीन पिढ्यांनी कसलेली असते, बांध कुठला हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. तरीही दप्तरात जे लिहिलंय तेच खरं धरलं जातं. लिहिताना अक्षर चुकलं असेल तर तहसीलदार कलम १५५ खाली ते दुरुस्त करतो. पण हक्कच सिद्ध करायचा असेल, तर जुने फेरफार, खरेदीखत, साक्षीदार असं सगळं गोळा करत फिरावं लागतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकाला आपल्या सेवेच्या नोंदीत राहून गेलेलं युद्धातलं पदक चढवून घ्यायचं असेल, तर त्याची वाट बरीचशी अशीच असते. फरक एवढाच की त्याचे साक्षीदार आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि पुष्कळसे हयातच नाहीत.

सगळं फिरतं एका कागदाभोवती. त्याचं नाव डीडी-२१४. १९५० पासून अमेरिकी सैन्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला हा कागद मिळतो. कधी भरती झाला, कोणतं काम केलं, परदेशात किती काळ होता, कोणती पदकं आणि बिल्ले मिळाले, हे त्यावर थोडक्यात असतं. पुढच्या आयुष्यात घरकर्जाची सवलत, सरकारी दवाखाना, अपंगत्वाचं निवृत्तिवेतन, अगदी सैनिकी स्मशानभूमीतली जागा, सगळीकडे हाच कागद मागतात. व्हिएतनामहून परतलेला एकवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. सुटकेच्या केंद्रावर रांग लागलेली, कारकून भराभर टंकलेखन करतोय, आणि याला फक्त घर दिसतंय. पदकांच्या रकान्यात काय लिहिलंय ते तो वाचत बसत नाही. सही करतो आणि निघतो. चाळीस-पन्नास वर्षांनी नातू विचारतो, “आजोबा, तुम्ही लढलात ना? मग इथं काहीच कसं नाही?” तेव्हा तो रकाना पहिल्यांदा नीट वाचला जातो.

आता पहिला गुंता. “माझं पदक राहिलं” असं म्हणणाऱ्या माणसांच्या अडचणी एकसारख्या नसतात, आणि नेमकी कोणती अडचण आहे हे आधी ओळखलं नाही तर वर्षं फुकट जातात.

सगळ्यात सोपी अडचण कारकुनी. पदक देण्याचा लेखी आदेश त्या काळी निघाला होता, पण डीडी-२१४ वर उतरवायचा राहिला. असा आदेश हाती लागला तर नोंदी दुरुस्त करणाऱ्या मोठ्या मंडळापर्यंत जावंच लागत नाही. सैन्याचं कार्यालय डीडी-२१५ नावाचं दुरुस्तिपत्र काढतं आणि ते मूळ कागदाला जोडलं जातं. व्हिएतनाम काळातल्या असंख्य आदेशांची संगणकीय सूचीही आहे. म्हणून पहिलं काम म्हणजे सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून आपली पूर्ण फाइल मागवणं. त्यासाठी एसएफ-१८० हा साधा अर्ज असतो.

दुसऱ्या प्रकारात आदेश कधी निघालाच नाही, पण नियमानुसार माणूस पात्र होता. तिसऱ्यात माणूस खरोखर गोळीबारात सापडला होता, पण नियमच त्याला बाहेर ठेवतो. या तिसऱ्या प्रकाराबद्दल मला सर्वात जास्त सांगायचं आहे, कारण मनाला सर्वात जास्त लागतो तो हाच.

अमेरिकी भूदलात ‘कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज’ नावाचा बिल्ला आहे. सैनिक त्याला सीआयबी म्हणतात. निळी आयताकृती पट्टी, तिच्यावर जुन्या धाटणीची चंदेरी बंदूक, मागे ओकच्या पानांची माळ. तो सुरू झाला ऑक्टोबर १९४३ मध्ये. चिखलात चालणारा, सर्वात जास्त मरणारा आणि सर्वात कमी नावाजला जाणारा शिपाई म्हणजे पायदळाचा, म्हणून खास त्याच्यासाठी हा बिल्ला काढला. १९४४ च्या कायद्याने तो मिळवणाऱ्याला महिना १० डॉलर जादाही दिले. हेतू चांगलाच होता. पण त्यातूनच त्याच्या अटी आल्या. माणसाचं सैन्यातलं नेमून दिलेलं काम पायदळाचं किंवा स्पेशल फोर्सेसचं असलं पाहिजे. तो पायदळाच्या तुकडीत असला पाहिजे. आणि ती तुकडी शत्रूशी प्रत्यक्ष लढत असताना तो स्वतः तिथे हजर असला पाहिजे. तिन्ही एकाच वेळी. यातली एक जरी सुटली तरी बिल्ला नाही. औषधोपचार करणाऱ्या शिपायांसाठी १९४५ मध्ये वेगळा बिल्ला निघाला. तोफखाना, रणगाडे, अभियंते, लष्करी पोलीस, वाहनचालक यांच्यासाठी काहीच निघालं नाही.

व्हिएतनाममधला एकोणीस क्रमांकाचा रस्ता घ्या. क्वी न्होन बंदरातून निघून अन खेच्या घाटातून वर प्लेइकूकडे जाणारा. या रस्त्यावरून रोज मालमोटारींचे तांडे दारूगोळा आणि इंधन घेऊन डोंगराळ भागातल्या छावण्यांकडे जात. ऑगस्ट-सप्टेंबर १९६७ पासून शत्रूने या तांड्यांवर घाटात दबा धरून हल्ले करायला सुरुवात केली. संरक्षणाला पुरेशी माणसं नव्हती. तेव्हा चालकांनीच काही मालमोटारींना पोलादी पत्रे ठोकले, त्यांवर मशीनगन बसवल्या आणि तांड्याबरोबर त्या चालवायला लागले. त्यांना ‘गन ट्रक’ म्हणत. त्यांतला एक आज व्हर्जिनियातल्या फोर्ट युस्टिसच्या लष्करी वाहतूक संग्रहालयात उभा आहे. ज्या पोरांनी तो चालवला, मशीनगन धरली, जळत्या गाड्यांमधून सोबत्यांना ओढून काढलं, त्यांचं कागदावरचं काम होतं ‘वाहनचालक’. म्हणून त्यांना सीआयबी नाही.

२००१ नंतरच्या युद्धांत आघाडी आणि पिछाडी असा भेदच उरला नाही. इराकच्या रस्त्यांवर सर्वात धोक्याचं काम पुन्हा चालकांवरच आलं. त्यामुळे मे २००५ मध्ये भूदलाने ‘कॉम्बॅट अ‍ॅक्शन बॅज’ नावाचा नवा बिल्ला मंजूर केला. काम कोणतंही असो, शत्रूशी प्रत्यक्ष गाठ पडली आणि माणूस तिथे नीट वागला, तर तो मिळतो. पण मागची तारीख ठरवली १८ सप्टेंबर २००१. त्या आधीच्या कुणालाही तो नाही. एकोणीस क्रमांकाच्या रस्त्यावरच्या चालकाला एक बिल्ला त्याच्या कामामुळे नाकारला जातो आणि दुसरा त्याच्या जन्मसालामुळे.

नौदलाचं आणि मरीनचं, म्हणजे नौदलाशी जोडलेल्या लढाऊ दलाचं, पाहिलं तर ही रेघ आणखी खटकते. त्यांची ‘कॉम्बॅट अ‍ॅक्शन रिबन’ १९६९ मध्ये आली, सुरुवातीला १ मार्च १९६१ पासून लागू केली, आणि पुढे संसदेने कायदा करून ती थेट ७ डिसेंबर १९४१ पर्यंत मागे नेली. ती देताना काम विचारत नाहीत. १९६८ मध्ये ह्युए शहराच्या लढाईत मरीनही होते आणि भूदलही. एकाच दिवशी गोळीबारातून गाडी काढणाऱ्या मरीन चालकाला फीत मिळू शकते, भूदलाच्या चालकाला मात्र काहीच नाही. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. भूदलाच्या नव्या बिल्ल्याची तारीख मागे नेण्यासाठी अमेरिकी संसदेत वेळोवेळी विधेयकं मांडली गेली आहेत, कारण हे काम संसदेचं किंवा भूदलाचं आहे. नोंद दुरुस्त करणारं मंडळ हे करू शकत नाही. मंडळ नियम लावतं, बदलत नाही. चालकाने कितीही खरं आणि कितीही हृदयद्रावक लिहिलं तरी उत्तर ठरलेलं असतं: आपल्या सेवेबद्दल आदर आहे, पण पात्रता नाही. अर्ज करण्यापूर्वी हे माहीत असलं, तर निदान तो नकार स्वतःच्या शौर्यावरचा शेरा वाटत नाही.

हे मंडळ म्हणजे नक्की काय? १९४६ च्या आधी सैनिकाच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायची तर संसदेत त्या एका माणसापुरतं विधेयक आणावं लागे. महायुद्धानंतर अशा विधेयकांचा इतका ढीग झाला की संसदेने १९४६ च्या कायद्याने ते काम स्वतःकडून काढून घेतलं आणि प्रत्येक सेनादलात मुलकी माणसांची मंडळं नेमायची तरतूद केली. आज ती संघीय कायद्याच्या शीर्षक १०, कलम १५५२ खाली चालतात. भूदलाचं मंडळ वेगळं, नौदल आणि मरीनचं मिळून एक, हवाई दलाचं वेगळं. निर्णय देणारे गणवेशातले अधिकारी नसतात, हे महत्त्वाचं. त्यांना अधिकार दोन गोष्टींचा: चूक सुधारणं आणि अन्याय दूर करणं. दुसरा शब्द कायद्यात मुद्दाम घातलेला आहे. नियमाप्रमाणे सगळं झालं असलं तरी झालं ते न्याय्य नव्हतं, असंही मंडळ म्हणू शकतं. पदकांच्या बाबतीत ते असं क्वचित म्हणतं, पण दार उघडं आहे.

अर्ज डीडी-१४९ या नमुन्यावर, फी नाही, वकील सक्तीचा नाही. माजी सैनिक हयात नसेल किंवा अर्ज करायच्या स्थितीत नसेल तर बायको, मुलं, वारस करू शकतात. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करावा असं कायदा सांगतो, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ हा उशीर माफ करू शकतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईचे अर्ज त्यामुळेच ऐकले जातात. मात्र आधी खालची दारं ठोठावून झालेली असावी लागतात. भूदलाच्या बाबतीत ते दार म्हणजे केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथली पुरस्कार शाखा. तिथून नकार आला की मग मंडळ. सुनावणीला समोर बसून बोलायची संधी बहुतेकांना मिळत नाही. किमान तीन सदस्य फाइल वाचतात आणि ठरवतात. म्हणजे जे सांगायचं ते सगळं त्या पाकिटात गेलं पाहिजे.

आणि इथे बहुतेक जण हरतात. मंडळ एका गृहीतकाने सुरुवात करतं: त्या वेळी प्रशासनाने आपलं काम नीट केलं होतं. ते चुकीचं होतं हे दाखवायची जबाबदारी अर्जदारावर. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, पण तराजूचं पारडं थोडं तरी त्याच्या बाजूला झुकलं पाहिजे. नुसती शपथेवरची हकिकत, ती कितीही प्रामाणिक असो, बहुधा पुरत नाही. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं उपयोगी पडतात, पण त्यांचं वजन कशावर ठरतं हे समजून घ्या. “तो शूर होता, त्याला पदक मिळायलाच हवं” याला वजन नाही. “अमुक महिन्यात, अमुक गावाजवळ, मी त्याच्यापासून दहा हातांवर होतो, तोफेचा तुकडा त्याच्या डाव्या खांद्यात घुसला, औषधवाल्याने पट्टी बांधली” याला आहे. आणि तीच तारीख तुकडीच्या रोजनिशीतल्या नोंदीशी जुळली, तर ते वजन कितीतरी वाढतं.

जखमी सैनिकाला मिळणाऱ्या पर्पल हार्टच्या अर्जांत हे सगळं स्पष्ट दिसतं. या पदकासाठी कुणाची शिफारस लागत नाही; अटी पुऱ्या झाल्या की तो हक्कच. अटी तीन: जखम शत्रूच्या कारवाईमुळे झाली, तिच्यावर वैद्यकीय माणसाच्या उपचाराची गरज पडली, आणि तो उपचार सरकारी नोंदीत आला. पहिल्या दोन बहुतेकांच्या खऱ्या असतात. अडतं ते तिसऱ्यावर. झाडीत गोळीबार चालू असताना कुणी पट्टी बांधली, माणूस पुन्हा उभा राहिला, तुकडी पुढे गेली. ती पट्टी कोण कुठे लिहून ठेवणार? मंडळ मग व्हिएतनाम काळच्या शिपायाच्या डीए-२० या पत्रकाकडे बघतं. त्यात ४० वा रकाना जखमांचा, ४१ वा पदकांचा. ४० वा कोरा, जखमींच्या यादीत नाव नाही, वैद्यकीय फाइलमध्ये उल्लेख नाही, आणि सुटकेच्या वेळच्या तपासणीत माणसाने स्वतःच “प्रकृती चांगली” लिहिलेलं, अशी साखळी जुळली की अर्ज बहुधा फेटाळला जातो. घरी जायची घाई झालेला एकवीस वर्षांचा मुलगा दुसरं काय लिहिणार, हा प्रश्न रास्त आहे, आणि अर्जात तो स्पष्ट शब्दांत मांडलाही पाहिजे.

ज्यांची फाइल मिळतच नाही त्यांचं काय? १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. त्या मजल्यावर पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. आग विझेपर्यंत साधारण १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात भूदलातून सुटलेल्या माणसांच्या अंदाजे ८० टक्के नोंदी, आणि १९४७ ते १९६४ या काळात हवाई दलातून सुटलेल्या काही जणांच्या ७५ टक्के. नकला नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. पाण्याने भिजलेले गठ्ठे वाचवण्यासाठी ते विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवले. दोन्ही महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध त्या एका मजल्यावर होतं.

फाइल जळाली म्हणजे सगळं संपलं असं मात्र नाही, आणि हे खूप कुटुंबांना माहीतच नसतं. प्रत्येक कंपनीचा, म्हणजे सैन्यातल्या तुकडीचा, रोजचा ‘मॉर्निंग रिपोर्ट’ असायचा, आपल्या हजेरीपटासारखा: कोण आजारी, कोण जखमी होऊन इस्पितळात, कोण परत आला, कोण गेला. ते मायक्रोफिल्मवर वेगळे जपलेले आहेत. शेवटच्या पगाराच्या पावत्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि कोरियातल्या इस्पितळ भरतीच्या सांकेतिक नोंदी वेगळ्या ठिकाणाहून सापडल्या. १९४४ च्या डिसेंबरातल्या एका मॉर्निंग रिपोर्टमधली एक ओळ, “जखमी, इस्पितळात रवाना”, जळालेल्या अख्ख्या फाइलचं काम करू शकते. सीआयबीचंही तसंच: पायदळातलं काम, तुकडीचं नाव आणि त्या तुकडीच्या लढाईच्या तारखा जुळल्या की बिल्ला मिळू शकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाच्या बाबतीत त्यातून आणखी एक गोष्ट निघते. १९४७ मध्ये ठरलं की त्या युद्धात ज्यांना सीआयबी मिळाला ते ब्राँझ स्टार पदकालाही पात्र. त्यामुळे एक बिल्ला सिद्ध झाला की मागोमाग पदकही येतं.

सिल्व्हर स्टार, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस किंवा सर्वोच्च मेडल ऑफ ऑनर या शौर्यपदकांची गोष्ट वेगळी. ती हक्काने मिळत नाहीत. कुणीतरी त्या वेळी शिफारस केलेली असावी लागते. ती राहिली असेल तर शीर्षक १० च्या कलम ११३० खाली संसद सदस्यामार्फत प्रस्ताव पाठवता येतो. इथे कागद हरवण्याचा इतिहास फार दुःखद आहे. स्पेशल फोर्सेसचे कॅप्टन पॅरिस डेव्हिस यांनी जून १९६५ मध्ये व्हिएतनामच्या बोंग सोन भागात स्वतः जखमी असताना सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढलं. त्यांच्या शिफारशीचे कागद हरवले, पुन्हा पाठवले तर पुन्हा हरवले. डेव्हिस कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळात त्या हरवण्याला कसला रंग होता हे त्यांच्या सोबत्यांनी उघड बोलून दाखवलं. मेडल ऑफ ऑनर त्यांच्या गळ्यात पडलं ३ मार्च २०२३ रोजी, ५७ वर्षांनी.

दुसरी गोष्ट केंटकीच्या गार्लिन कॉनर यांची. २४ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समध्ये हूसन गावाजवळ हा लेफ्टनंट टेलिफोनची तार घेऊन आपल्या फळीच्या पुढे गेला, एका उथळ चरात पडून राहिला आणि तीन तास तोफांना निशाणा सांगत राहिला, शेवटी स्वतःच्या जागेवरच गोळे टाकायला सांगून. घरी परतल्यावर शेती केली. युद्धाबद्दल फारसं बोलले नाहीत. १९९० च्या दशकात मेडल ऑफ ऑनरसाठी अर्ज झाला. मंडळाने १९९७ मध्ये नाकारला. १९९८ मध्ये कॉनर गेले. २००० मध्ये पुन्हा नकार: नवा पुरावा नाही. मग तीन प्रत्यक्षदर्शींची निवेदनं सापडली. पत्नी पॉलीन न्यायालयात गेल्या. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी मुदत टळल्याचं सांगितलं. वरच्या न्यायालयाने समझोत्याचा मार्ग दाखवला, आणि २०१५ मध्ये त्याच मंडळाने पदकाच्या बाजूने कौल दिला. त्यानंतरही संसदेने मुदतीची अट शिथिल करायची होतीच. २६ जून २०१८ रोजी ते पदक पॉलीन यांच्या हाती पडलं.

मंडळ बदललं नव्हतं, लढाई तर नाहीच. बदललं होतं ते फाइलमधलं एक पाकीट. म्हणून नकार आला की तो शांतपणे वाचावा. नेमकी कोणती अट सिद्ध झाली नाही हे त्यात लिहिलेलं असतं, आणि आधी न दिलेला पुरावा असेल तर फेरविचार मागता येतो. जुने निर्णय नावं झाकून प्रसिद्ध केलेले असतात. आपल्यासारखं प्रकरण शोधून मंडळ कशाला वजन देतं ते पाहणं सर्वात उपयोगाचं. कामाला वेळ लागतो: दहापैकी नऊ अर्ज १० महिन्यांत आणि कोणताही अर्ज १८ महिन्यांच्या आत निकाली निघावा असं कायदा सांगतो.

मानाखेरीज यात रोजच्या जगण्याचाही भाग आहे. पर्पल हार्ट असलेल्याला सरकारी दवाखान्यात वरचा प्राधान्यक्रम मिळतो आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी स्मशानभूमीत दफनाचा हक्क मिळतो. नोंदीत सीआयबी किंवा कॉम्बॅट अ‍ॅक्शन रिबन असेल तर रात्री दचकून उठणाऱ्या माणसाला आपण खरंच युद्धात होतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

तुमच्या ओळखीत अमेरिकेत असं एखादं कुटुंब असेल, मुलीच्या सासरचं, शेजारचं, तर त्यांना एवढं सांगा की आजोबांची ट्रंक आवरताना घाई करू नका. इस्पितळातून लिहिलेलं पत्र ठेवाच, पण त्याचं पाकीटही ठेवा. तारखेचा शिक्का आणि तुकडीचा पत्ता पाकिटावर असतो.